गायकवृंदासाठी राईड सिंबलची निवड

अनेक धर्मग्रामांत आता गायकवृंदाच्या साथीला ड्रमसेट असतो. संच बहुधा देणगीतून येतो आणि त्यातील झांजा स्वस्त पितळेच्या असतात. ड्रमचे पडदे बदलता येतात, त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो. झांजेचा आवाज मात्र ती घडली तेव्हाच ठरलेला असतो. म्हणून निधी थोडा असेल, तर तो आधी राईड सिंबलवर खर्च करावा, असे आमचे मत आहे.

राईड ही वादकाच्या उजव्या हाताची मोठी झांज. क्रॅश सिंबल एखाद्या जागी कडाडते. राईडवर लय अखंड चालते. लय धरण्याचे काम बास ड्रमवरून या झांजेकडे आणण्याचे श्रेय १९४० च्या दशकातील अमेरिकन जॅझ वादक केनी क्लार्क यांना दिले जाते. आपल्याकडे शंकर-जयकिशन यांच्या १९६८ च्या ‘रागा जॅझ स्टाइल’ या ध्वनिमुद्रिकेत लेस्ली गोदिन्हो यांनी सतार व तबल्याच्या सोबतीने ड्रम वाजवले आहेत. तरुण वादकांनी ती जरूर ऐकावी.

सर्व प्रकारच्या गीतांसाठी एकच राईड घ्यायची असल्यास २० इंच व्यासाची, मध्यम वजनाची घ्यावी. जड झांजेचा ठोका सुटा व स्पष्ट येतो, पण हळू वाजवल्यास ती खुलत नाही. पातळ झांजेत ठोक्यामागे घोंगावणारा नाद पसरत जातो. कठीण भिंती व उंच छत असलेल्या ख्रिस्तमंदिरात तो नाद विरत नाही आणि भाविकांच्या तोंडचे शब्दच बुडतात. भातकुली परिसरातील वाचकांना तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी परिचित आहे. तिच्या चकत्यांचा नाद झटकन विझतो, म्हणून भजनाचा शब्द मोकळा राहतो. राईड पारखताना कान तिथेच ठेवावा.

धातूकडेही लक्ष द्यावे. उत्तम झांजा काशाच्या असतात: सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सुरू झालेले झिल्जियन घराणे याच मिश्रणासाठी प्रसिद्ध आहे. ९२ टक्के तांबे व ८ टक्के कथील असलेल्या झांजा स्वस्त व अधिक चमकदार आवाजाच्या असतात. पितळेत कथिलाऐवजी जस्त असते. तिचा नाद बोथट.

नागपूर वा मुंबईच्या दुकानात जाताना आपल्याच काठ्या न्याव्यात. मधला फुगीर भाग, पसरट अंग आणि कड असे तिन्ही ठिकाणी, आधी अगदी हळू, वाजवून पाहावे. सोबत्याला दूर उभे करून गाण्यास सांगावे. शब्द कळला नाही, तर ती झांज परत ठेवावी.

हळू वाजवण्यावर भर देण्याचे कारण उपासनेतच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, अधिकाऱ्यांच्या संमतीने, पवित्र उपयोगास योग्य अशा अन्य वाद्यांनाही वाव दिला. प्रायश्चित्त काळात मात्र, काही सण व चौथा रविवार वगळता, वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरतीच वाजवायची असतात.

झांज स्टँडवर घट्ट आवळू नये. ती डोलायला हवी. दांड्यावर प्लास्टिकची नळी व खाली-वर नमद्याची चकती असावी, अन्यथा मधल्या छिद्रापासून तडा जातो.