पुस्तक जाड आहे, पण आवृत्ती कोणती?

लिनक्सची सर्टिफिकेशन परीक्षा द्यायचं डोक्यात आहे? मग पुस्तक घ्यायला निघण्याआधी एवढं वाचाच.

धाराशिवच्या स्टँडवरून रात्रीची पुण्याची गाडी पकडायची. मित्राच्या रूमवर पाठ टेकायची, सकाळी अप्पा बळवंत चौक गाठायचा आणि विचारायचं, 'लिनक्सचं काही आहे का सेकंड हँड?' दुकानदार एक जाडजूड पुस्तक काढून देतो. नव्याच्या निम्म्या किमतीत. तुम्ही खूश. परतीच्या गाडीत बार्शी येईपर्यंत पहिलं प्रकरण वाचूनही होतं. पुढचे दोन महिने तुम्ही ते पुस्तक अक्षरशः घासता. मग फॉर्म भरायला वेबसाइट उघडता आणि कळतं, पुस्तक रेड हॅट ७ चं आहे आणि परीक्षा कधीच पुढे गेलीय.

पुस्तकाचे पैसे गेले ते सोडा, पण दोन महिने कोण परत देणार? त्यात परीक्षेची फी पुस्तकाच्या कितीतरी पट. ती घरच्यांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून काढून दिलेली असेल, तर 'पुन्हा देऊ' म्हणणं इतकं सोपं नसतं.

म्हणून तुम्ही तेरणा इंजिनिअरिंगला असा, तुळजापूरला असा, नाहीतर उमरग्यात, कळंबमध्ये बीसीए करत असा, क्रम एकच ठेवा. आधी परीक्षा ठरवा, मग तिची आवृत्ती बघा आणि सगळ्यात शेवटी पुस्तक घ्या.

परीक्षा नेमकी कसली?

'लिनक्सची परीक्षा' अशी एकच एक परीक्षा नसते. रेड हॅटची आरएचसीएसए ही पूर्ण प्रॅक्टिकल. समोर मशीन असतं आणि कामं दिलेली असतात: युजर तयार करा, डिस्कचं पार्टिशन करा, पासवर्ड हरवलेल्या मशीनमध्ये शिरून दाखवा. ३०० पैकी २१० गुण लागतात. आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावरही तुमचं काम टिकलेलं असलं पाहिजे, नाहीतर केलेलं वाया.

लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस हीसुद्धा प्रॅक्टिकल, दोन तासांची. घरून ऑनलाइन देता येते आणि फीमध्येच दुसरी संधी मिळते.

एलपीआयसी-१ मात्र प्रश्नोत्तरांची. दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. काही ठिकाणी पर्याय निवडायचे, काही ठिकाणी कमांड स्वतः लिहायची. ती कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नाही.

आता बघा, प्रॅक्टिकल परीक्षेसाठी नुसतं प्रश्नसंचाचं पुस्तक घेतलंत तर ते पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारण्यासारखं होईल. उलट एलपीआयसीला कमांडचे बारीकसारीक ऑप्शनसुद्धा लक्षात ठेवावे लागतात. तिथे प्रश्नसंच कामाचा.

आणखी एक. घरून परीक्षा देणार असाल तर लाइट आणि नेट शेवटपर्यंत टिकणार का, याचा विचार आधी करा. भरवसा नसेल तर सेंटर गाठलेलं बरं.

आवृत्तीनं काय बिघडतं?

बरंच काही. रेड हॅट ७ आलं २०१४ मध्ये, ८ आलं २०१९ मध्ये, ९ आलं २०२२ मध्ये आणि १० आलं २०२५ मध्ये. सातच्या पुस्तकात सॉफ्टवेअर टाकायला यम शिकवतात, आता त्या जागी डीएनएफ आहे. सातमध्ये नेटवर्कचं सेटिंग आयएफसीएफजी नावाच्या फायलींत असायचं. दहामध्ये ती पद्धतच काढून टाकलीय. सातच्या आरएचसीएसए अभ्यासक्रमात कंटेनर नव्हते, नंतर ते आले.

क्लासवालेही कधी कधी जुन्याच सेंटओएस ७ वर शिकवत असतात. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला. फी भरण्याआधी 'कोणत्या आवृत्तीवर शिकवणार?' एवढं विचारायला लाजू नका.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. परीक्षेच्या अधिकृत पानावर 'ऑब्जेक्टिव्ह्ज'ची यादी फुकट असते. तिची प्रिंट काढा, पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवा आणि टिकमार्क करत जा. चार-पाच मुद्दे पुस्तकात सापडलेच नाहीत, तर पुस्तक परत ठेवा.

जुनं पुस्तक आधीच घेतलं असेल तर रद्दीत घालू नका. परमिशन, पाइप, ग्रेप, व्हीआय हे सगळं आजही तसंच आहे. तेवढी प्रकरणं वाचा, बाकीची सोडा.

मग घ्यायचं काय?

लिनक्सला कधी हातच लावला नसेल तर विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' वाचा. त्याची पीडीएफ लेखकानंच फुकट ठेवलीय. कॉलेजच्या लायब्ररीत सुमिताभ दास यांचं युनिक्सचं पुस्तक मिळालं तर पाया पक्का करायला तेही चालेल. पण लक्षात ठेवा, ही परीक्षेची पुस्तकं नाहीत.

आरएचसीएसएसाठी सँडर व्हॅन वग्ट किंवा असगर घोरी, दोघांपैकी एकाचं घ्या. दोन्हींत करून बघायचे सराव भरपूर आहेत. मात्र कव्हरवरचा आकडा तुमच्या परीक्षेशी जुळलाच पाहिजे. एलपीआयसी-१ साठी तर एलपीआय स्वतःच अभ्यासाचं साहित्य फुकट देते, खर्च करण्याआधी ते उघडा.

इंग्रजी वाचताना अडखळायला होतं? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. आधी मराठीत ऐका, मग तेच इंग्रजीत वाचा. अर्धी भीती तिथेच जाते.

आणि टेलिग्रामवर मिळणारे 'डम्प्स' घेऊ नका. ते परीक्षेच्या नियमांत बसत नाहीत, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. शिवाय पाठ केलेली उत्तरं प्रॅक्टिकलला मशीन बिघडल्यावर काय कामाची?

पुस्तकाशेजारी मशीन हवंच

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात दोन मशीन उभ्या करा. रेड हॅटच्या सरावाला अल्मा किंवा रॉकी लिनक्स चालतं, तेही फुकट. पूर्ण आयएसओ फाइल रोजच्या डेटा पॅकमध्ये बसणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवरून मित्रांना वाटा. त्याला परवानगी आहे.

मग मुद्दाम मोडतोड करा. एफएसटॅब फाइलमध्ये एक चुकीची ओळ घाला, मशीन सुरूच होणार नाही. आता पुस्तक बघून ते दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुस्तक न बघता करा. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून.

हे का? कारण आरएचसीएसएच्या परीक्षेत नेट नसतं, पुस्तक नसतं, मोबाइल नसतो. असते ती फक्त मशीनमध्येच भरलेली माहिती. 'मॅन' ही कमांड टाइप केली की ती समोर येते. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी दाराबाहेर ठेवावं लागतं. आत न्यायला परवानगी असलेलं पुस्तक हे एकच, आणि ते फुकट आहे. रोज त्याचं एक पान उघडायची सवय आजपासूनच लावा.