ऊसतोडीला यंत्र आलं, कोयत्याच्या उचलीचं गणित बदललं

बीड : दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज भागातल्या वाड्या-तांड्यांवर घरोघर कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची अन् पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकातला कारखाना गाठायचा. आता त्याच फडात हार्वेस्टर उतरलंय. यंत्रामुळं मजुरी वाढते की बुडते, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आधी दराचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. यंत्र येऊनही दर वाढला कसा? मजूर कमी पडतायत, हे एक. दुसरं, संघटनांनी यंत्रालाच पुढं केलं. यंत्राच्या तोडणीला टनामागं जास्त पैसे मिळतात, मग माणसाला कमी का? सवाल वाजवीच होता.

पण घर दरावर चालत नाही, टनावर चालतं. समजा जोडीनं ९० हजार उचल घेतली अन् दिवसाला दोन टन तोडले. उचल फिटायला २४६ टन लागतात, म्हणजे १२३ दिवस. यंत्रांनी ऊस लवकर संपवला अन् काम १०० दिवसांवर आलं, तर २०० टनांचे ७३,२०० रुपये होतात. १६,८०० रुपये अंगावर राहतात. दर वाढला, तरी बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर जाते.

त्यात वाढ्याचं नुकसान कोणी मोजत नाही. हातानं तोडलेल्या उसाचं वाढं विकून फडावरचा किराणा भागतो, बैल असतील तर त्यांचं पोटही त्यावरच. यंत्र वाढ्याचे तुकडे करून रानातच फेकतं. बाईचं तर आणखी अवघड. कोयत्यात तिचा निम्मा हिस्सा, पण यंत्रावर ऑपरेटर अन् मदतनीस म्हणून घेतात ते पुरुषालाच.

हे नवं नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात सूत कातायची यंत्रं आली, सूत मुबलक झालं अन् हातमागवाल्यांची मजुरी चांगली वाढली. पोरांनीही तोच धंदा धरला. मग यंत्रमाग पसरले अन् तीच मजुरी कोसळली. १८११-१२ मध्ये तिथल्या कामगारांनी यंत्रं फोडली, तर सरकारनं त्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा लावली. कापड स्वस्त झालं, पण ते घ्यायला विणकराच्या घरात पैसा नव्हता.

आपल्याकडं यंत्राला अजून अडचणी आहेत. सरी रुंद लागते, ओल्या रानात ते रुततं, लहान तुकड्यात वळत नाही. किंमत कोटीच्या घरात. २०२३ मध्ये ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाखांचं अनुदान जाहीर झालं होतं, पण उरलेला पैसा कोयतेकऱ्यानं आणायचा कुठून? त्यामुळं यंत्र घेतात ते मोठे बागायतदार, कारखाने नाहीतर मुकादमच.

यंदा उचल घेताना मागच्या वर्षीचे दिवस धरून आकडा ठरवू नका. त्या कारखान्याच्या भागात यंत्रं किती चालणार, हे मुकादमाला आधी विचारा. रोजचा टन वहीत लिहा, वजनाच्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हिशोबाला बसताना मुकादमाची वही एकटी नको.