धोनींनी कसोटी का सोडली?



३० डिसेंबर २०१४ ची गोष्ट. दुपारची वेळ. तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडवर मी गाडीची वाट पाहत उभा होतो. शेजारच्या चहाच्या टपरीवरील मुलगा हातातले पेले तसेच घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "सर, धोनीनं क्रिकेट सोडलं!" बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते लगेच म्हणाले, "छे, छे! दोन महिन्यांवर वर्ल्डकप आलाय. आत्ता कसं सोडील तो?"

खरे पाहता दोघांचेही अर्धेअर्धे बरोबर होते. महेंद्रसिंह धोनी यांनी क्रिकेट सोडले नव्हते, त्यांनी कसोटी क्रिकेट सोडले होते. वर्ल्डकप ते खेळणार होतेच, आणि तोही कर्णधार म्हणून. पण हा फरक त्या मुलाला दोन वाक्यांत समजावून सांगणे मला जमले नाही. गाडी आली आणि मी चढलो. ते राहिलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम खेळाचे प्रकार पाहू. सगळ्यात जुना आणि सगळ्यात लांब प्रकार म्हणजे कसोटी सामना. तो पाच दिवस चालतो. प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात आणि दिवसाला नव्वद षटके टाकावयाची असतात. एकदिवसीय सामन्यात प्रत्येक संघाला पन्नास षटकांचा एकच डाव. आणि ट्वेंटी-ट्वेंटी म्हणजे वीस वीस षटकांचा खेळ, तो तीन-साडेतीन तासांत आटोपतो. खेळ तोच, बॅट तीच, चेंडूचे वजनही तेच. परंतु जत्रेतली कुस्ती आणि पंढरीची पायी वारी या दोहोंत जसा फरक, तसा फरक या प्रकारांत आहे. एकीत क्षणाचा जोर लागतो, दुसरीत दिवसामागून दिवस टिकणारा दम लागतो.

आता धोनी यांचे काम काय होते ते पाहा. ते यष्टिरक्षक होते. यष्टिरक्षक प्रत्येक चेंडूला यष्टींमागे उकिडवा बसतो आणि चेंडू आला की उठतो. एका षटकात सहा चेंडू, दिवसाची नव्वद षटके. म्हणजे दिवसभर प्रतिपक्ष खेळत असला तर पाचशे चाळीस वेळा बसणे आणि उठणे! आपल्या शाळेतल्या भाषेत सांगायचे तर पाचशे चाळीस उठाबशा. शिक्षकबंधूंनी वर्गातल्या धडधाकट मुलाला गंमत म्हणून पन्नास काढायला सांगाव्यात, म्हणजे आकड्याचा अर्थ सर्वांना कळेल. एकदिवसीय सामन्यात हीच संख्या तीनशेवर थांबते, ट्वेंटी-ट्वेंटीत एकशेवीसवर. कसोटीत मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावयाचे असते आणि दुसऱ्या डावात पुन्हा तेच.

बरे, एवढ्यावर भागत नव्हते. ते कर्णधारही होते. गोलंदाज कोणता आणावा, क्षेत्ररक्षक कोठे उभा करावा, हा विचार प्रत्येक षटकाला. आणि फलंदाजीची पाळी आली की पॅड बांधून मैदानात. डिसेंबर २००५ मध्ये चेन्नईला त्यांनी पहिली कसोटी खेळली आणि नऊ वर्षांत नव्वद कसोटी खेळल्या. त्यांत ४,८७६ धावा केल्या. यष्टींमागे २५६ झेल आणि ३८ यष्टिचीत. नव्वदपैकी साठ सामन्यांत ते कर्णधार होते, आणि त्यांतले सत्तावीस जिंकले. त्यांच्याच कारकीर्दीत २००९ साली भारत कसोटीच्या क्रमवारीत प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोचला. शिवाय या नऊ वर्षांत बाकीचे दोन्ही प्रकार चालूच होते. क्रिकेट मंडळाने त्या दिवशी जे निवेदन काढले, त्यात सर्व प्रकार एकाच वेळी खेळण्याचा ताण हेच कारण दिले होते. वरचा हिशेब लक्षात घेतला म्हणजे हे कारण सबबीसारखे वाटत नाही.

परंतु दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. परदेशांत त्यांच्या संघाची कसोटीतली कामगिरी खालावली होती. २०११ साली इंग्लंडमध्ये चारही सामने गेले. पुढच्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातही भारताने चारही गमावले. २०१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लॉर्ड्सचा सामना जिंकला खरा, पण मालिका तीन-एक अशी हातची गेली. नवा कर्णधार हवा, ही कुजबुज उघड बोलण्यात येऊ लागली होती. धोनी यांच्या कानांवर ती आली नसेल, असे कोण म्हणेल? तेव्हा शरीराचा ताण आणि कामाचा उतार, दोन्ही गोष्टी समोर होत्या.

मग लोकांना धक्का कशाचा बसला? तर वेळेचा आणि रीतीचा. मेलबर्नच्या मैदानावर मालिकेतली तिसरी कसोटी चालू होती. शेवटच्या दिवशी धोनी नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. सामन्यानंतर ते वार्ताहरांशी बोलले, पण निवृत्तीचा शब्दही काढला नाही. त्यानंतर मंडळाचे निवेदन आले. हार नाहीत, तुरे नाहीत, निरोपाची फेरी नाही. चौथी कसोटी आठवड्यावर आली होती. वय तेहतीस. शंभर कसोटींना अवघ्या दहा कमी होत्या. आपल्याकडे शंभर या आकड्याचे केवढे अप्रूप! पण त्यासाठी ते थांबले नाहीत.

यावर एक आक्षेप असा घेतात की, मालिका अर्धी टाकून कर्णधाराने जावे काय? आक्षेप रास्त आहे. शेतात पेरणी चालू असताना औत सोडून बांधावर जाऊन बसणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. पण परिस्थिती नीट पाहा. चार सामन्यांच्या त्या मालिकेत भारत दोन-शून्य असा मागे होता. मेलबर्नचा सामना अनिर्णित होताच मालिका जिंकण्याची वा बरोबरी करण्याची वाट बंद झाली होती. उरली होती ती एक कसोटी, जिच्यात हरण्यासारखे थोडे आणि शिकण्यासारखे पुष्कळ होते. आणि जो पुढे धुरा घेणार होता तो विराट कोहली अगदीच नवखा नव्हता. त्याच मालिकेत ॲडलेडला धोनी यांचा अंगठा दुखावलेला असताना कोहली यांनीच नेतृत्व केले होते आणि दोन्ही डावांत शतके काढली होती.

येथे मागची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण धक्क्याच्या भरात ती पुष्कळांच्या ध्यानात राहिली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्याकडे आला होता. ती मालिकाही चार सामन्यांचीच होती. दिल्लीच्या तिसऱ्या कसोटीत तेव्हाचे कर्णधार अनिल कुंबळे यांच्या बोटाला जखम झाली, आणि तो सामना संपताच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. चौथी कसोटी आपल्या नागपूरला होती. तिथे धुरा कोणी घेतली? धोनी यांनी. तो सामना भारताने जिंकला आणि मालिकाही जिंकली. म्हणजे धोनी यांना कर्णधारपद ज्या रीतीने मिळाले, सहा वर्षांनी जवळजवळ त्याच रीतीने त्यांनी ते पुढच्याच्या हाती दिले. त्यांच्या मनात नेमके हेच होते की काय, ते मी सांगू शकत नाही. पण पालखीला खांदा देणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. खांदा बदलतो तो पालखी खाली ठेवून नव्हे, चालता चालता.

दुसरा आक्षेप पैशाचा. मोठा खेळ सोडला, पण ज्यात कष्ट कमी आणि पैसा अधिक तो छोटा खेळ ठेवला, असे काही जण म्हणतात. छोट्या खेळात पैसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मला वाटते, येथे दोन माणसांत फरक केला पाहिजे. ज्याने नऊ वर्षे लांबचा खेळ खेळून शरीर झिजवले आणि मग तो सोडला, तो एक. आणि जो मुळात त्या वाटेला जातच नाही, पहिल्या दिवसापासून वीस षटकांच्या पलीकडे पाहत नाही, तो दुसरा. पहिल्याला दोष देता येत नाही. दुसऱ्याची मात्र काळजी वाटते, कारण चेंडू सोडून देणे, वाईट तास निभावून नेणे, आज हरलो तरी उद्या सकाळी पुन्हा उभे राहणे, हे शिकवणारी शाळा म्हणजे लांबचा खेळच. आपल्या गावातल्या मुलांना ते शिक्षण मिळावे असे वाटत असेल, तर त्यांना पंधरा मिनिटांच्या फटकेबाजीखेरीज दिवसभराचा एखादा सामनाही खेळू द्यावा.

असे एक प्रकार सोडून दुसरा ठेवणे यापूर्वी झाले नव्हते असेही नाही. सुनील गावसकर यांनी शेवटची कसोटी मार्च १९८७ मध्ये बंगलोरला खेळली, आणि त्या शेवटच्या डावात ९६ धावा केल्या. त्याच वर्षी वर्ल्डकपमध्ये, नागपूरच्याच मैदानावर, त्यांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले. तेव्हा एका ठिकाणचे ओझे उतरले की दुसऱ्या ठिकाणी पाऊल मोकळे पडते, हा अनुभव जुनाच आहे.

पुढे काय झाले ते आता सर्वांसमोर आहे. सिडनीच्या चौथ्या कसोटीत कोहली यांनी शतक केले आणि सामना अनिर्णित राखला. २०१५ च्या वर्ल्डकपमध्ये धोनी यांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. २०१७ च्या आरंभी त्यांनी उरलेले कर्णधारपदही सोडले आणि कोहली यांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून ते खेळत राहिले. कालपर्यंत ज्याला आज्ञा केली, त्याची आज्ञा पाळणे सोपे नव्हे. कोहली यांनी अडुसष्ट कसोटींत नेतृत्व केले आणि चाळीस जिंकल्या. २०१८-१९ च्या दौऱ्यात भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली, तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा पूर्ण निरोप धोनी यांनी १५ ऑगस्ट २०२० रोजी घेतला. आणि १२ मे २०२५ रोजी, इंग्लंडचा दौरा तोंडावर असताना, खुद्द कोहली यांनी असाच अचानक कसोटीचा निरोप घेतला. तेव्हाही लोकांना धक्काच बसला!

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन बारा वर्षे मी एकट्याने सांभाळले. नाटक बसवणे, मांडव, बक्षिसे, सगळे माझ्याकडे. तासांवर त्याचा परिणाम होऊ लागला. वह्या तपासावयाच्या राहू लागल्या. एक तरुण सहकारी दरवर्षी विचारी, "सर, या खेपेला नाटकाचं मी बघू का?" मी म्हणे, "पुढच्या वर्षी बघू." असे तीनदा झाले. चौथ्या वर्षी मी खरोखर थकलो आणि ते काम द्यायला त्याच्याकडे गेलो, तर त्याची दुसऱ्या गावी नेमणूक झाली होती. त्या वर्षी आमच्याकडे नाटक झाले नाही.

आपल्यापैकी कोणाकडे शाळेची मुख्याध्यापकी असेल, कोणाकडे सोसायटीचे पद, कोणाकडे घरच्या शेतीचा कारभार. ते कधी सोडावे याचे कोष्टक कोणी छापलेले नाही. पण एवढे विचारून पाहावे: हे काम मी पूर्वीसारखे करतो आहे काय? आणि ते घ्यायला उभा असलेला माणूस अजून दारात आहे काय? पहिल्याचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे "होय" असेल, तर शंभराचा आकडा पुरा होण्याची वाट पाहू नये.

टपरीवरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. पुन्हा भेटला तर त्याला सांगेन, "बाळ, धोनीनं क्रिकेट सोडलं नव्हतं. खांदा बदलला होता."