पुढच्या कप्प्यातील बंदोबस्त

जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा केअर इस्पितळात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांपैकी पाच जणांची दृष्टी जंतुसंसर्गापायी गेली, ही वार्ता ज्यांनी वाचली असेल त्या अंधेरी-बोरिवलीकडील वृद्धांस ऑपरेशनचे नाव काढताच धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच होय. त्यात ‘शेवटी डोळ्याच्या आत इंजेक्शन देतात’ असे कोणी सांगितले, की आजीबाई तारीख पुढे ढकलतात. वस्तुतः हे इंजेक्शन त्याच अनर्थाविरुद्ध केलेली तजवीज आहे.

बुबुळावरील पारदर्शक पडदा आणि त्यामागील रंगीत पडदा यांच्यामध्ये पाण्याने भरलेला एक चिमुकला कप्पा असतो. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविल्यावर, आधीच घेतलेल्या बारीक छेदातून बोथट टोकाची नळी आत सरकवून, मॉक्सिफ्लॉक्सासिन वा सेफ्युरॉक्झीम यांसारख्या प्रतिजैविकाचा साधारण ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंबांइतका अंश तेथे सोडतात. भूल दिलेली असल्याने वेदना होत नाही, आणि बाहेरून घातलेले थेंब जेथे जेमतेम झिरपतात तेथे औषध तत्क्षणी भरपूर पोचते.

युरोपातील मोतीबिंदू-शल्यविशारदांच्या संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सेफ्युरॉक्झीमने संसर्गाचे प्रमाण सुमारे पाचपटीने घटल्याचे दिसले. मला अधिक मोलाचा वाटतो तो आपल्याकडील दाखला: मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहाने आपल्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचे दप्तर तपासले, तेव्हा मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे हे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

तथापि हे औषध म्हणजे गलथानपणाला परवाना नव्हे. स्यूडोमोनास हा चिवट जंतू सेफ्युरॉक्झीमला दाद देत नाही. शिवाय भुकटी विरघळविताना प्रमाण चुकले, तर तेच औषध नेत्रपटलास इजा करते. हत्यारांचे निर्जंतुकीकरण आणि शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात घालावयाचे पोव्हिडोन आयोडीन यांत कसूर झाली, तर दोन थेंबांनी ती भरून निघणार नाही.

रुग्ण त्याच दिवशी घाटकोपर-मुलुंडला आपल्या घरी परततो, संसर्ग मात्र बहुधा पुढील काही दिवसांत डोके वर काढतो. दुखणे वाढले, डोळा लाल झाला, दिसणे मंदावले, तर तपासणीच्या नेमल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे जावे. कारण एकदा संसर्ग बळावला, की औषध पुढच्या कप्प्यात पुरत नाही, ते भिंगामागील काचद्रवात टोचावे लागते, आणि तेव्हा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.