हाडांना दशी पडते तेव्हा



या पानावर मी नेहमी बेणे, लागण नि खते यांचेच लिहितो. आज हाडांविषयी लिहितो आहे. कारण घरचेच आहे.

माझ्या थोरल्या चुलतीचे मनगट दारात पाय घसरून मोडले. प्लॅस्टर घातले, दीड महिन्याने काढले, हात बरा झाला. "वयाचं हाड, मोडायचंच," असे सगळे म्हणाले. उपचार करणाऱ्यांनीही पुढचे काही सांगितले नाही. दोन वर्षांनी ती न्हाणीत पडली नि खुबा मोडला. त्यानंतर ती बांधावर कधी आली नाही.

दशी पडलेला ऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. बाहेरून कांडी चांगली दिसते, पण आतून पोकळ. काट्यावर वजन भरत नाही. हाडांचेही तसेच होते. याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. बायकांची पाळी गेल्यावर ही झीज झपाट्याने वाढते. जगाचा अंदाज असा, की पन्नाशीनंतर दर तीन बायकांत एकीचे आणि दर पाच पुरुषांत एकाचे हाड यापायी मोडते. म्हणजे हा नुसता बायकांचा रोग नव्हे.

खुबा मोडण्याचे सर्वांत जास्त प्रमाण नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांत आहे. तिथे दूधदुभते भरपूर! तेव्हा एकट्या दुधाने भागत नाही. उलट आफ्रिकेतील बऱ्याच देशांत नोंदलेले प्रमाण फार कमी आहे. १९९० साली जगात सुमारे १६ लाख ६० हजार खुबे मोडले. १९९२ सालच्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत हा आकडा ६० लाखांवर जाईल, आणि त्यातले निम्म्याहून अधिक आशिया खंडात असतील. माणसे जास्त जगू लागली, त्याचा हा हिशेब आहे.

यावर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने १९९९ साली एक साधी व्यवस्था सुरू केली. पन्नाशीपुढचा कोणीही हाड मोडून आला, की प्लॅस्टरवर न थांबता त्याच्या हाडांची घनता तपासायची आणि औषध सुरू करायचे. पहिले हाड मोडणे ही सूचना मानायची. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. तरी श्रीमंत युरोपातही औषधाची गरज असलेल्या बहुतेक बायका उपचाराविनाच राहतात. मग आपले काय सांगावे!

औषधे आहेत. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. डेनोसुमॅबचे इंजेक्शन सहा महिन्यांनी असते. ते मनाने मध्येच सोडले तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. कोणते औषध घ्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे.

आता घरात काय करता येईल? पन्नाशीपुढच्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तर शंभर मिली दुधात सव्वाशेच्या आत-बाहेर असते. पण आपले दूध डेअरीला जाते, नि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरते उरते. ते बदला. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. तंबाखू सोडा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मात्र एकदम बंद करू नका. न्हाणीत शेवाळ साचू देऊ नका, धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा.

आणि खुबा मोडलाच तर मालिश, पट्ट्या यांत दिवस घालवू नका. इंग्लंडात दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी असा दंडक आहे. उशिराने माणूस अंथरुणाला खिळतो, आणि मग पुष्कळांचा वर्षही निघत नाही.

तोडणीच्या गडबडीत हे मागे पडते, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घरात पन्नाशीनंतर कोणाचे मनगट मोडले असेल, कोणाची उंची कमी होऊन पाठीला पोक आला असेल, तर या हंगामातच त्यांना तपासून आणा, एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी