दोन सुतांची माया

माझी पहिली चौकट दोन सूत कमी भरली. साडेचार इंचांचे नऊ चौकोन कापताना पट्टी दोनदा लावून पाहिली होती. शिवून झाल्यावर इस्त्री फिरवली आणि मापलं, तर साडेबारा इंच भरायला हवे होते तिथे सव्वाबाराच भरले. शिंपीकामात इंचाचे आठ भाग धरतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. शिवणीच्या कडेला दोन सूत कापड सोडायचं असतं, त्याला माया म्हणतात. मी ती अडीच सूत घेतली होती. शिवणीत कापडं दोन, म्हणून प्रत्येक शिवणीत एक सूत जास्त गेलं, आणि एका रांगेत शिवणी दोन. हिशेब चोख जुळला. तेव्हापासून मला माया हा शब्द फार आवडू लागला आहे. वरून ती दिसत नाही, पण दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात ते तिच्यामुळेच.

गेल्या दिवाळीनंतर मी ‘सँपलर क्विल्ट’ करायला घेतलं. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि तिन्हींना एकत्र बांधणारे टाके, हे झालं क्विल्ट. सँपलरमध्ये प्रत्येक चौकटीची नक्षी निराळी असते, कारण प्रत्येक नक्षी हाताला काहीतरी नवं शिकवते. नऊ घरांची चौकट कोपरे जुळवायला शिकवते. ‘लॉग केबिन’मध्ये मधल्या लहानशा चौकोनाभोवती पट्ट्या फिरत जातात, आणि पहिल्या पट्टीत झालेली चूक शेवटच्या पट्टीपर्यंत सोबत येते. ‘फ्लाइंग गीज’ ही उडत्या हंसांची रांग त्रिकोणांची. त्रिकोण आला की उरेब कड आली. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेलं कापड गुणी असतं, तिरपं कापलं की ते ताणलं जातं. म्हणून तिथे इस्त्री घासायची नाही, नुसती टेकवून उचलायची. हे मला सहाव्या चौकटीत कळलं, तोवर दोन त्रिकोण वाकडे झाले होते.

अशा 20 चौकटी करायच्या आहेत. आडव्या चार, उभ्या पाच. त्यांच्यामध्ये आणि भोवती दोन इंची मांजरपाटाच्या पट्ट्या. सगळं जोडलं की 58 बाय 72 इंच, एका माणसाचं पांघरूण. महिन्याला एक, फार तर दीड चौकट होते.

वेगवेगळ्या चौकटी एकत्र जोडण्याच्या छंदात अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेन स्टिकल यांचं नाव आदराने घेतलं जातं. यादवी युद्ध चालू असताना त्यांनी 169 चौकटींचं क्विल्ट शिवलं, आणि एकाही चौकटीची नक्षी दुसरीसारखी नाही. कोपऱ्यात त्यांनी स्वतःच नोंद शिवून ठेवली आहे: युद्धकाळ, सन 1863, तुकडे 5602. एकेक तुकडा मोजून ठेवणाऱ्या त्या बाईंबद्दल मला जवळीक वाटते. ते क्विल्ट आता बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कापड नाजूक झाल्यामुळे वर्षातले थोडेच आठवडे ते बाहेर काढतात.

माझी कापडं घरातलीच. बाबांचे चौकड्यांचे शर्ट, दोन सुती साड्या, एक लाल परकर. येवल्याच्या पैठणीवरच्या ब्लाउजचे तुकडेही डब्यात होते, पण सुती कापडाशेजारी रेशीम सुईखाली घसरतं, म्हणून मोह आवरला. लाल परकराचं कापड मात्र न तपासताच शिवलं. पूर्ण झालेली चौकट भिजवली, तर शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी झाला. आता प्रत्येक कापड आधी धुते, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते पाहते.

तुकडे जोडण्याची ही गोष्ट आमच्या नाशिकला नवी नाही. त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3000 कार्षापण नाणी कायमची ठेवली. त्यांतले 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने. या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. गुणाकार करून पाहा: महिन्याला 20, वर्षाला 240, आणि वीस बारे 240. ही चीवरंही सलग कापडाची नसत. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखे तुकडे जोडून ती शिवावीत, असं बुद्धांनी आनंदाला सांगितल्याचं विनयपिटकात आहे. गंगापूर रोडने जाताना गोवर्धनची पाटी दिसली की मला आता त्या विणकरांची आठवण येते.

जोडणं पुस्तकातून शिकता आलं. थर शिवणं मात्र मी आमच्या शेजारच्या काकूंकडून शिकते आहे. त्या निफाडकडच्या, तिथल्या थंडीत गोधडीवाचून भागत नाही. माझी वही, पट्टी, पेन्सिलीच्या रेघा त्यांनी कौतुकाने पाहिल्या आणि म्हणाल्या, “चांगलंय गं. पण शिवताना मधून सुरू करू नको, काठाकडून आत ये.” त्यांच्या गोधडीचा धावदोरा चारी काठांना धरून निघतो आणि एकेक फेरा आत घेत मध्यावर संपतो. रेघ आखलेली नसते. मागच्या फेऱ्यापासून बोटभर अंतर ठेवायचं, बस. जमिनीवर पसरलेल्या कापडाला दोन कोपऱ्यांवर पाटा आणि वरवंटा. सुई चार-पाच टाके एकदम घेते आणि मग दोरा ओढला जातो, त्याचा सर्रकन आवाज येतो. काकूंचं अंगुस्तान पितळेचं आहे, आणि त्याच्या खळग्या झिजून एका बाजूला ते गुळगुळीत झालं आहे.

आजीचं एक नऊवारी लुगडं मी शेवटच्या चौकटीसाठी राखून ठेवलं होतं. ‘ड्रेसडेन प्लेट’च्या गोल पाकळ्या त्याच्या करायच्या, असं मनात होतं. काकूंनी ते उजेडासमोर धरलं, अंगठ्याने हलकेच दाबलं. धागे बाजूला सरले.

“हे वरती लावू नको. धुण्यात जाईल. आत घाल, आत टिकतं.”

त्यांच्याकडे सगळ्यात जुनं लुगडं नेहमी मधल्या थरात जातं. अंगाला लागत नाही, उन्हात येत नाही, आणि मऊपणा तेच देतं. म्हणून मी कापूस आणलाच नाही. लुगड्याला कात्रीही लावली नाही. पाकळ्या बाबांच्या शर्टांच्या होतील.

“तीन थर होतील तुझे,” काकू लुगडं हातांवर मापत म्हणाल्या.

घरी येऊन मी टेप लावला. तीन थर होतात, आणि वर अर्धा उरतो.