चिठ्ठी डॉक्टरांची, स्टिअरिंग आपलं

"दारू थोडीच घेतलीये? डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आहे." नाकाबंदीवरच्या हवालदाराला हे सांगितलं की विषय संपतो, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. कायद्याच्या पुस्तकात मात्र अशी सूट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ चे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना पाठ असतो: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. दुसरा भाग अमली द्रव्यांचा. त्या अमलाखाली गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल, तर तोही तितकाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. शिवाय हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जातं.

"पण यात गांजा, चरस, कोकेन आलं, माझी झोपेची गोळी कुठे?" इथेच २०१९ ची दुरुस्ती महत्त्वाची ठरते. या कलमातल्या व्याख्येत आता १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातले अमली आणि मनावर परिणाम करणारे पदार्थ थेट आणले आहेत. त्या यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम आहेत. ट्रामाडॉल २०१८ मध्ये आलं. म्हणजे निद्रानाश, घबराट, फिट्स, पाठदुखी अशा नेहमीच्या तक्रारींवर रोज लिहून दिली जाणारी औषधं. ती जवळ बाळगण्याचा आणि घेण्याचा अधिकार चिठ्ठीने मिळतो. डुलक्या येत असताना गाडी हाकण्याचा मिळत नाही.

आता उलट टोकाची भीती. गोळी घेतली म्हणजे गुन्हा झालाच, असंही नाही. औषधांसाठी आपल्या कायद्यात अल्कोहोलसारखा आकडा नाही. 'ताबा ठेवता येत नाही इतपत अंमल' ही कसोटी आहे. ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१५ पासून डायझेपामसारख्या औषधांनाही रक्तातली मर्यादा ठरवून दिली आहे. तिथे ती ओलांडली तरी औषध सांगितल्याप्रमाणेच घेतलं होतं, हा बचाव मांडता येतो, पण चालवण्यावर परिणाम झालेला असेल तर तो कामी येत नाही. लंडनला मुलाकडे जाऊन गाडी चालवणाऱ्या काका-काकूंनी चिठ्ठीची प्रत बरोबर ठेवावी, ती याचसाठी.

नाकाबंदीवर मशीनमध्ये फुंकलं, शून्य आलं, म्हणजे आपण ठणठणीत, हा समज तर फारच भाबडा. ते यंत्र फक्त अल्कोहोल मोजतं.

सर्वांत जास्त गल्लत होते ती वेळेची. 'रात्री दहाला घेतली, सकाळी उतरली.' काही गोळ्यांचं तसं होतंही. डायझेपामचं होत नाही. त्याची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच एक-दोन दिवस लागू शकतात आणि शरीरात त्यापासून तयार होणारं द्रव्य तर त्याहून रेंगाळतं. रोज घेणाऱ्याच्या अंगात कालची, परवाची गोळीही थोडीफार असतेच. झोल्पिडेम लवकर उतरणारं मानलं जातं, तरी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जानेवारी २०१३ मध्ये महिलांसाठी त्याच्या साध्या गोळीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. कारण हेच: सकाळी उठल्यावरही काहींच्या रक्तात गाडी चालवायला धोकादायक ठरावी इतकी मात्रा सापडत होती. पेंग येत नाही म्हणजे अंमल नाही, असंही नाही. ब्रेकवर पाय जायला उशीर होतो आणि तो आपला आपल्याला कळत नाही.

सर्दीच्या गोळीला तर कुणी औषध मानायलाच तयार नसतं. दुकानात 'सर्दीचं काहीतरी द्या' म्हटलं की दुकानदार कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापतो, कागदी पुडीत घालतो, 'सकाळ-संध्याकाळ' म्हणतो. झोप येईल, वाहन चालवू नका, ही सूचना छापली असलीच तर ती उरलेल्या पट्टीवर किंवा खोक्यावर दुकानातच राहते. त्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामीन असतं आणि ते चांगलीच गुंगी आणतं. घाट लागू नये म्हणून घेतात त्या गोळीतलं प्रोमेथाझिनही त्याच जातीचं. मागे बसणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. चालवणाऱ्याने कसारा चढण्याआधी घेतली तर पंचाईत. फेक्सोफेनाडिनसारखे कमी गुंगीचे पर्याय असतात, फक्त विचारावं लागतं.

आयुर्वेदिक औषधांचंही पाहू. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. दोन-चार चमच्यांनी रक्तातलं प्रमाण ३० च्या जवळपासही जात नाही. घोट गिळल्यागिळल्या फुंकलं तर मात्र तोंडातल्या अंशामुळे यंत्र दचकतं. पंधरा मिनिटांत तो अंश जातो, तेव्हा पुन्हा तपासणी मागावी.

विम्याचंही लोक विसरतात. अमली द्रव्याच्या अमलाखाली अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला पॉलिसीतलं एक कलम पुरेसं असतं.

हे सगळं वाचून उद्यापासून गोळी बंद करणं हा मात्र सगळ्यात वाईट उपाय. फिट्सचं औषध अचानक सोडलं तर गाडी चालवतानाच झटका येऊ शकतो. मधुमेहाच्या गोळीने तर झोप येतच नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं की साखर उतरते, हात थरथरतात, समोरचं धूसर होतं. आपल्या आजाराने लोकांना धोका आहे हे ठाऊक असून गाडी चालवली तर कलम १८६ लागतं. तेव्हा निघण्यापूर्वी साखर तपासायची, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. आणि नवीन औषध सुरू होताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे: यावर गाडी चालवली तर चालेल का, आणि किती तासांनी?